मोजायला दिलेला आवाज

चहा निम्मा झाला होता, तेव्हा शेजारच्या बाकावरच्या फोनमधून कुणीतरी म्हशीनं रवंथ करावा तशा सुस्त, जाड आवाजात बोलू लागलं. बीडच्या बसस्टँडसमोरच्या त्या टपरीवर सकाळी असल्या आवाजांना तोटा नसतो, म्हणून सोमेश्वरनं आधी लक्ष दिलं नाही. कुणा दारुड्याचा रील असेल, असं समजून तो आपला चहा पीत राहिला. मग तो आवाज म्हणाला, मो-ळीच्या खा-ली मान मो-डून, आणि सोमेश्वरचा हात कपासकट तिथंच थांबला. ओळ त्याची होती. आवाज काही केल्या त्याचा वाटेना. हा आवाज एखाद्या म्हाताऱ्याचा होता, ज्याला कुठं जायचं नाही आणि ज्याला सगळं आठवतं. पुढं एक बारीक थांबा आला, आणि त्या म्हाताऱ्यानं एकेक घास भरवावा तसं म्हटलं, अक्-का-ची... पिश-वी... का-ढली. फोन धरलेले दोघे कॉलेजवाले खूष झाले. "काय टायमिंग हाय बे," एक म्हणाला. दुसऱ्यानं माहिती पुरवली की हा गडी आपल्या तलवाड्याचाच आहे, सेकंदाला अकरा अक्षरं बोलतो, पुण्याच्या एका पोरीनं त्याचा स्पीड उतरवून मोजून दाखवलाय. त्यांनी तो तुकडा परत लावला. या खेपेला पहिला हसला नाही. त्यानं जरा खालच्या आवाजात विचारलं, पिशवी म्हणजे ती पिशवी का? दुसरा म्हणाला, असंल, आणि अंगठ्यानं व्हिडिओ वर ढकलून पुढचा लावला.

सोमेश्वर उठला. चहावाल्यानं हाक मारली, तेव्हा आपण पैसे दिले नाहीत हे त्याच्या लक्षात आलं. परवा रविवार. परवा वडवणीचे पाहुणे तलवाड्याला बैठकीला येणार होते, त्याच्या अक्काच्या, मंगलच्या दुसऱ्या लग्नाची बैठक. मुलगा म्हणायचं, पण चाळिशीकडं झुकलेला, बायको वारलेली, घरात दोन लेकरं. मध्यस्थी त्या मुलाच्या मामाची, सुंदररावांची. माणसं बरी होती, निदान फोनवर तरी. आणि मंगलची पिशवी काढलेली आहे ही एक गोष्ट सोडून बाकी सगळं त्यांना सांगून झालं होतं. पहिल्या नवऱ्यानं सोडलं हे सांगितलं, एक लेकरू जन्मतःच गेलं हे सांगितलं, ऊसतोडीला जात होती हे तर सांगावंच लागत नाही. राहिलेलं ते एक सोमेश्वरच्या आईनं, सुभद्राबाईनं, पदराखाली झाकून धरलं होतं. लग्न होऊ दे, मग बघू, असं ती म्हणायची. आणि तेच आता टपरीवर, बाकावर बसून, चहाबरोबर ऐकायला मिळत होतं.

आपल्या जिल्ह्यात पिशवी म्हटलं की बाजाराची पिशवी कुणाच्या डोळ्यापुढं येत नाही. गर्भाशय हा शब्द दवाखान्याच्या भिंतीवरच्या चित्राखाली छापलेला असतो. बायका पिशवीच म्हणतात, आणि तेही एकमेकींच्या कानाशी. मंगलची पिशवी काढली तेव्हा तिला पंचविशीही लागली नव्हती. अंगावरून फार जायचं. उसाच्या फडात उभं राहवेना. कोयता म्हणजे ऊस तोडायचं हत्यार तसंच ते तोडणारं जोडपंही. मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. त्यातलं एक माणूस बसलं की अख्खा कोयता बसला, खाडा पडला. मुकादम कुरकुरला, नवरा चिडला, सासू म्हणाली की एकदाचं काढून टाका, सगळ्याच काढतात. बीडला एका दवाखान्यात डॉक्टरनं पाच मिनिटांत सांगितलं की ठेवली तर कॅन्सर होईल. टाके ओले असताना ती परत फडात गेली. पुढच्या हंगामात नवऱ्यानं दुसरी आणली, कारण आता हिला मूल होणार नव्हतं. गावात अपेंडिक्स सांगितलं होतं. गावातल्या बायकांना खरं माहीत नव्हतं असं नाही. पण माहीत असणं वेगळं आणि कुणाच्या तोंडून बोललं जाणं वेगळं, एवढ्या एका फरकावर मंगल आजवर ताठ मानेनं पाणवठ्यावर जात होती.

तो चालत राहिला. सुभाष रोडच्या दुकानांची शटरं वर जात होती, एका रिक्षावर भोंगा बांधलेला होता आणि त्यातून साड्यांच्या सेलची जाहिरात ओरडत होती. ती जाहिरातही त्याचीच. पोट भरायचा धंदा तोच होता. युवराजच्या स्टुडिओत, म्हणजे अंड्याचे ट्रे भिंतींना चिकटवलेल्या एका खोलीत, तो सेलच्या, क्लासच्या, निवडणुकीच्या जाहिराती बोलायचा, आणि शेवटी जे नियम-अटी लागू वगैरे पटापट म्हणायचं असतं, त्यासाठी तर लोक त्यालाच मागायचे. नियम-अटी कुणी ऐकू नयेत म्हणूनच त्या पटापट म्हणायच्या असतात, हे त्याला फार लवकर कळलं होतं. मन जरा वेगानं बोललं की लपतं, असा त्याचा समज तिथंच झाला असावा. नाहीतर तो कसला शूर. त्याच्या त्या रॅप गाण्यात जे होतं ते तो कुणासमोर एका जागी बसून कधी बोलला नव्हता, आईसमोर नाही, युवराजसमोर नाही, आरशासमोरही नाही. बोलायला गेलं की घशात काहीतरी आडवं यायचं. एकदा बीटवर सहज जीभ सोडली आणि ते सगळं भसाभस बाहेर आलं. पहाटं उठून, पाचट पेटवून, पान्यात भिजून, पोट बांधून. मोळी बांधून, मोळी उचलून, मोळीच्या खाली मान मोडून. ऊन, ऊन, ऊन असं प्रत्येक शब्दाच्या शेपटीला लागत गेलं आणि त्या शेपट्या धरून तो धावत सुटला. खाडा नको म्हनून, गाडी काढून, गावाला न सांगता, बीडला नेऊन. आणि मग ते. मग पुढं, टाके घालून, पुन्यांदा फडात उभी करून. संपलं तेव्हा युवराज काचेपलीकडं दोन्ही हात वर करून नाचत होता. शब्द कळले का, असं सोमेश्वरनं भीतभीत विचारलं होतं. "शब्द कोन ऐकतंय बे," युवराज म्हणाला होता, "जिभंची चाल बघ की." तेव्हा त्याला केवढं हायसं वाटलं होतं. एखादी गोष्ट बोलून टाकल्याचं सुख आणि कुणालाही न सांगितल्याचं सुख, दोन्ही एकदम पदरात पडल्यासारखी.

गाणं चाललं. लोकांनी खाली लिहिलं, आग, जाळ, धूर. काहींनी लिहिलं की हे काही खरं नाही, कॉम्प्युटरवर स्पीड वाढवलाय. हे वाचून सोमेश्वरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यानं आयुष्यात दुसरं काही केलं नव्हतं जे पूर्णपणे त्याचं होतं. अर्धवट कॉलेज, अर्धा कोयता, भाड्याची खोली. जीभ तेवढी अख्खी स्वतःची होती, आणि तीच खोटी म्हणतात म्हणजे काय. याच सुमारास पुण्याच्या सायलीचा मेसेज आला. ती कॉलेजात भाषा शिकत होती आणि रॅपचा वेग मोजून त्याचे व्हिडिओ टाकायची. तिनं अहो-जाहो करून लिहिलं होतं की मला तुमच्या वेगाबद्दल शंका नाही, पण पुरावा मांडायला आवडेल. बीटमध्ये अक्षरं बुडतात, तर नुसता आवाज पाठवाल का. त्यानं युवराजला न विचारता तो उघडा आवाज काढून पाठवला. आपल्याला कुणीतरी नीट तपासणार आहे, या कल्पनेनंच त्याला नव्या कापडाच्या वासासारखं काहीतरी जाणवलं होतं. ती मोजणार म्हणजे आधी हळू करणार, ही साधी गोष्ट ज्याच्या डोक्यात यायला हवी होती, त्याच्या डोक्यात त्या वेळी नुसता आकडा होता.

स्टुडिओत युवराज आधीच येऊन बसला होता आणि पडद्यावर तेच चालू होतं. त्यानं सोमेश्वरला मिठी मारली, पेढे सांगितलेत म्हणाला, लाख लोकांनी पाहिलंय म्हणाला. सोमेश्वर खुर्चीत बसला आणि त्यानं तो व्हिडिओ पहिल्यापासून पाहिला, कारण न पाहून काही उपयोग नव्हता. आणि खरं सांगायचं तर, ज्याचा राग यायला हवा होता ते पाहताना तो पडद्याच्या आणखी जवळ सरकला. असं त्याला आजवर कुणी ऐकलं नव्हतं. सायली सांगत होती की मिनिटाला किती शब्द हे माप मराठीला लावून चालत नाही, आपले शब्द कुठं इवले तर कुठं लांबलचक असतात. लिहिलेली अक्षरंही मोजून भागत नाही, कारण पाचट लिहिताना तीन अक्षरं, पण बोलताना तोंड दोनदाच उघडतं, पा, चट. म्हणून तोंड जितक्या वेळा उघडतं तितके ठोके ती मोजते. पडद्यावर त्याच्या आवाजाच्या टेकड्या दिसत होत्या आणि प्रत्येक टेकडीखाली एकेक तुकडा लिहिलेला. ती म्हणाली, वेग पुष्कळांकडं असतो. वेगात बहुतेक जण ट आणि ड चावून टाकतात, हा मात्र एकही ट सोडत नाही. ती म्हणाली, चार ओळी याच्या एका श्वासात आहेत, ऐका, कुठंही चोरून श्वास घेतलेला नाही. त्याचे ठोके घड्याळासारखे सारखे नाहीत, चालत्या माणसासारखे आहेत, उतारावर जरा पळणारे, असंही ती म्हणाली. तेव्हा सोमेश्वरला वाटलं की हिला आपण उचललेल्या मोळ्या, ट्रकला लावलेली ती फळी आणि तिच्यावरून खाली येताना पाय आपोआप पळायचे ते, सगळं दिसलं की काय. मग ती त्या जागेवर आली. तिनं आवाज चौपट हळू केला. बघा, ती म्हणाली, इतक्या वेगात तो इथं पापणी लवेल एवढाच थांबतो, आणि मग म्हणतो पिशवी. केवढी हिंमत लागते थांबायला. पोट, पाचट, पाणी, पिशवी, असा सगळा प चा खेळ आहे, आणि शेवटी त्या बिचाऱ्या अक्काची सामानाची पिशवीसुद्धा गाडीतून काढून घेतात, असं म्हणून ती हसली. पडद्यावर कोपऱ्यात एक कापडी पिशवी उमटली, दोन बंदांची.

तो थांबा म्हणजे हिंमत नव्हती. तिथं तो प्रत्येक वेळी अडकत होता. रेकॉर्डिंगच्या दिवशी त्या जागी त्याचा आवाज इतक्यांदा फुटला की युवराज म्हणाला, दुसरा शब्द टाक, बादली टाक, घागर टाक. शेवटी जो तुकडा ठेवला त्यातही त्याचा घसा क्षणभर बंद पडलेला होता, फक्त वेगात ते कळत नव्हतं. आणि आता ती जगातली सगळ्यात हुशार ऐकणारी पोरगी लाखभर लोकांना सांगत होती की कला कशी असते ते इथं बघा. सोमेश्वरला हसू आलं, आणि ते हसू युवराजला आनंदाचं वाटलं.

काढायला सांग, सोमेश्वर म्हणाला. युवराजला आधी कळेचना. कळलं तेव्हा तो बराच वेळ माउसची वायर बोटाला गुंडाळत राहिला. मग म्हणाला की पुण्यामुंबईच्या लोकांना कुठं काय कळतंय, त्यांना बाजाराची पिशवीच दिसणार. आणि इकडच्यांना तर माहीतच असतं, घराघरात तेच आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, म्हणून सोमेश्वरला त्याची जास्तच चीड आली. त्यानं सायलीला स्वतः मेसेज केला की व्हिडिओ काढून टाका. तिचा लगेच फोन आला. आवाज व्हिडिओतल्यापेक्षा लहान होता. काही चुकलं का, आकडा चुकला का, असं ती विचारत राहिली. तिला खरोखर आकड्याचीच काळजी होती. सोमेश्वरनं सांगायचं ठरवलं, पण ते एक वाक्य त्याच्यानं होईना. शेवटी तो म्हणाला, मॅडम, पिशवी म्हणजे पिशवी नाही, आमच्याकडं बायकांची जी असते ती. मग ती रडवेल्या आवाजात म्हणाली की मला माफ करा, मी त्यावर हसले. आणि थोड्या वेळानं, जरा सावरून, म्हणाली की पण मग ही गोष्ट तर लोकांपर्यंत पोचायलाच हवी ना, तुम्ही म्हणूनच लिहिली असेल ना. सोमेश्वरला फोन भिंतीवर आपटावासा वाटला. लोकांपर्यंत पोचावी म्हणून कुणी सेकंदाला अकरा अक्षरं बोलतं का? पण हे तिला विचारण्यात काही अर्थ नव्हता, कारण तिच्याकडं या प्रश्नाचं उत्तर असण्याचं कारण नव्हतं. ते त्याच्याकडंच नव्हतं. तिनं दुपारच्या आत व्हिडिओ काढला. पण तोवर त्याचे तुकडे कापून गेवराईपासून घाटनांदूरपर्यंत सगळ्या ग्रुपांवर फिरत होते, आपल्या जिल्ह्याचा पोरगा, अभिमान आहे, असं वर लिहून.

गेवराईच्या गाडीत त्याला खिडकी मिळाली. फोन त्यानं बंद करून टाकला होता. बाहेर कापसाच्या पऱ्हाट्या उभ्या होत्या. मंगलबरोबर त्यानं एक हंगाम काढला होता, नवऱ्यानं सोडल्यावर तिचा कोयता अर्धा राहिला तेव्हा. अर्ध्या कोयत्याला कुणी काम देत नाही, म्हणून कॉलेज सोडून धाकटा भाऊ तिचा दुसरा अर्धा झाला. फडातले लोक चेष्टा करायचे. मंगल त्यांना असं काही सुनवायची की माणूस दिवसभर तोंड लपवून ऊस तोडायचा. ती स्वतः झपाट्यानं बोलायची. सोमेश्वर तेव्हा चाचरायचा, वाक्याला सुरुवात केली की निम्म्यात हरवायचा. "बोल की पटकन," ती म्हणायची, "ऊस वाट बघत न्हाई." तिच्यापुढं बोलायचं तर वाक्य तिच्या कोयत्याच्या दोन घावांच्या मध्ये बसवावं लागायचं, आणि तसं बसवता बसवताच त्याची जीभ सुटली. जगातलं कुठलंही वेगातलं बोलणं मंगलच्या कानातून सुटत नसे, हेही त्याला तेव्हापासून माहीत होतं. पण माहीत असलेल्या सगळ्या गोष्टी माणूस वेळेवर आठवत असता तर काय. गाणं आलं त्या आठवड्यात त्यानं घरी जाऊन ते तिला ऐकवलं होतं. ती भाकरी थापत होती. शेवटपर्यंत ऐकून म्हणाली, "लई चांगलं हाय." आणि त्याच्या ताटात एक भाकरी जास्तीची टाकली. चला, हिलाही कळलं नाही, असं वाटून तो पोटभर जेवला होता. पुढच्या खेपेला आई त्याचं फोनवरचं काहीतरी अर्धवट ऐकून विचारत होती की तुझी मोजणी होणार म्हणे, कुणाचा बांध कोरलास? मोजणी म्हणजे जमिनीची, दुसरी कसली असते. सगळे हसले होते, मंगलसुद्धा.

तलवाड्याच्या स्टँडवर उतरल्यावर त्यानं मान खाली घातली. देवळाच्या पारावर बसलेल्यांपैकी एकानं हात केला आणि अभिनंदन म्हणाला. बाकीच्यांनी त्याच्याकडं पाहिलं आणि मग एकमेकांकडं. छबुबाई दळण घेऊन चालली होती, तिनं विचारलं, आलास का रे बाबा, आणि तिचा आवाज मयताला आल्यासारखा हळू होता. घर येईपर्यंत त्यानं मनात सगळं जुळवून ठेवलं. सुंदररावांचा फोन आला असणार. बैठक मोडली असणार. आई तोंडावर पदर घेऊन बसली असेल, मंगल आतल्या खोलीत. आपण उंबऱ्यातच बसायचं, मारलं तर खायचं. तो त्यासाठी इतका तयार होऊन आला होता की दारातून शेंगदाण्याच्या कुटाचा वास आला तेव्हा त्याला काही सुधरेना.

सुभद्राबाई कूट करत होती. तिनं मान वर करून बघितलं, आणि तिच्या चेहऱ्यावर राग होता, पण सुटका झालेल्या माणसाचा राग. सुंदररावांचा फोन सकाळीच येऊन गेला होता. त्यांच्याकडंही तो तुकडा पोचला होता, भाच्यानं ऐकला होता. ते म्हणाले, हे आधी सांगायला पाहिजे होतं सुभद्राबाई, पण असो. घरात दोन लेकरं आहेत. नव्या बाईला स्वतःचं झालं की सवतीच्या लेकरांचे हाल होतात, त्याचीच भाच्याला धास्ती होती, म्हणूनच इतकी स्थळं तो नाकारत होता. आता ती काळजीच मिटली. उलट बरं झालं. रविवारी येतो. आईनं हे सगळं कुटताकुटताच सांगितलं, आणि मग उखळातला हात थांबवून म्हणाली, "गावात तोंड दाखवायला जागा ठिवली न्हाई तू. पन एक हाय, मला माज्या तोंडानं सांगायचं टळलं." एवढं बोलून ती परत कुटायला लागली. सोमेश्वर तिथंच उभा राहिला. त्याला वाटायला हवं होतं की वाचलो. लग्न मोडलं नाही, आकाश कोसळलं नाही, ज्या गोष्टीपायी एका नवऱ्यानं तिला टाकली तीच दुसऱ्याला सोयीची निघाली. मुकादमाला खाडा नको होता, याला वाटेकरी नको होता. सगळ्यांचं बरं झालं होतं.

मंगल मागच्या अंगणात धुणं वाळत घालत होती. त्याची चाहूल लागली तरी तिनं वळून पाहिलं नाही. हातातलं लुगडं झटकलं, दोरीवर टाकलं, दोन्ही टोकं सारखी केली. सोमेश्वरनं वाटेत जुळवलेलं एकही वाक्य त्याला आठवेना. अक्का, मला वाटलं कुणाला कळणार नाही, एवढं तो कसाबसा म्हणाला, तेही जुन्या चाचरण्यासकट.

"मला पयल्याच दिशी ऐकू आलतं," मंगल म्हणाली. "भाकरी थापताना. सगळं."

मग का बोलली नाहीस, असं त्यानं विचारलं.

ती दुसरं लुगडं पिळू लागली. पिळताना तिच्या मनगटाच्या शिरा उभ्या राहिल्या, पाणी मातीत पडत राहिलं. "कावून बोलायचं? मला वाटलं, माज्यासाठीच केलंय. म्हनलं, ह्येला तोंडावर बोलता येत न्हाई, म्हनून असं केलं. इतकं जल्दी, की फकस्त मलाच कळंल." तिनं लुगडं झटकलं आणि शिंतोडे त्याच्या तोंडावर उडाले. ती थोडी हसली, म्हणजे फक्त ओठ हलले. "लई बरं वाटलं हुतं मला. आजवर कुनी काडलं न्हवतं ते तोंडातनं. ना आईनं, ना कुनी. रातच्याला परत परत ऐकायची मी ते. नुसतं तेवढंच."

सोमेश्वरला बसावंसं वाटलं, पण अंगणात बसायला काही नव्हतं. वडवणीवाल्यांचा होकार आहे, असं तो काहीतरी बोलायचं म्हणून बोलला. मंगल म्हणाली की ते कळलं. मग ती दोरीपाशी तशीच उभी राहिली, हात कपड्यावर ठेवून, आणि पहिल्यांदा त्याच्याकडं वळली. आईनं नको म्हटलं तरी रविवारी ती स्वतः सांगणार होती, असं तिनं सांगितलं. सगळे उठले की त्या माणसाला एकट्याला बाजूला घेऊन. सावकाश, एकेक शब्द. "मला त्याचं तोंड बगायचं हुतं," ती म्हणाली. "ऐकताना कसं हुतंय ते. त्याच्यावरनं मी ठरवनार हुते, जायाचं का न्हाई ते. आता त्यानं फोनवर ऐकलं. माज्या मागं. काय तोंड झालं आसंल, मला कदीच कळनार न्हाई."

आतून कुटण्याचा आवाज येत होता. कुणीतरी गल्लीतून मोटारसायकल काढली, ती दोन वेळा बंद पडून तिसऱ्यांदा चालू झाली. सोमेश्वरच्या मनात सायली आली, युवराज आला, टपरीवरचे ते दोघे आले. यातल्या कुणाचंही नाव पुढं केलं असतं तरी ते अगदीच खोटं ठरलं नसतं. पुण्याची पोरगी, कॉम्प्युटर, लोक. तो त्यांना एकेक करून पुढं आणत होता आणि मंगल रिकामी बादली उचलून त्याच्यासमोर उभी होती, काहीच घाई नसल्यासारखी. ही बाई कधी कुणाची वाट बघत नव्हती. आता बघत होती.

"त्यांनी मोजलं, ते ठीक हाय," ती म्हणाली. "मोजायला कुनी दिलतं?"

त्यानं तोंड उघडलं. घशात ते नेहमीचं आडवं आलं, त्याच जागी, आणि या वेळी त्याच्यावरून उडी मारायला पुढं शब्दच नव्हते. मंगल त्याच्या तोंडाकडं बघत होती.

"मी," तो म्हणाला.

"ह्ये मातर सावकाश बोललास," मंगल म्हणाली, आणि बादली घेऊन आत गेली.